शालन पाण्याला गेलीय

१२ जून, गुरुवार
आज मालक स्वतः टेबलापाशी आले. एरवी ते टेबलाशी येतात ते दोनच कारणांनी, निवडलेल्या बेदाण्यात काडी सापडली तर, नाहीतर दसऱ्याचे पेढे द्यायला. आज दोन्ही नव्हतं. बरोबर एक पोरगा. पांढरा शर्ट, चकचकीत बूट. आमच्या चिकट फरशीवर मांजरासारखे पाय उचलून टाकत होता.

मालक म्हणाले, निवडायला येणाऱ्या सगळ्या बायकांचा दवाखान्याचा विमा उतरवायचाय. निम्मे पैसे ते भरणार, निम्मे आमच्या मजुरीतून महिन्याला कापणार. आमचे हात चालूच. पिवळा इकडं, काळा तिकडं.

जो माणूस रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायला कधी विसरत नाही, त्याला आमच्या दुखण्याचा कळवळा एकाएकी कुठून आला? कुठंतरी काडी आहे.

शालन माझ्या उजव्या हाताला बसते. पोरगा गेल्यावर तिनं मान वर न करता विचारलं, "आक्का, पिशवीचं ऑपरेशन बसतं का वो त्यात?"

बघते म्हटलं. वर्षभर तिचं रक्त जातंय. तोंड पांढरं फटक पडलंय. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, गर्भपिशवी काढायलाच लागणार, उशीर करू नका. रेशनकार्डावरची सरकारी योजना आहे, पण हे ऑपरेशन त्यात म्हणे सरकारी दवाखान्यातच. तिथली तारीख दोनदा मिळाली, दोनदा पुढं गेली. खाजगीत करायची ऐपत नाही. नवरा टेम्पोवर. घरी आला की दोन दिवस लाड, तिसऱ्या दिवशी भांडण.

१६ जून
शालन आली नाही. मूठ घातली.

मूठ कुणी सुरू केली ठाऊक नाही. संभा पोटात होता तेव्हा मलाही घातली होती, तेव्हा हल्लीच्या मालकांचे वडील बघायचे. एखादी आजारी पडली की तिची पाटी रिकामी ठेवायची नाही. प्रत्येकीनं आपल्या निवडलेल्या मालातली मूठ मूठ तिच्या पाटीत टाकायची. संध्याकाळी काट्यावर तिचंही वजन होतं, तिचीही मजुरी पडते. काट्यावरचा बापू खाली मान घालून लिहितो. आणि कुणी विचारलंच, अमकी कुठंय, तर एकच उत्तर ठरलेलं, आत्ताच पाण्याला गेली.

विम्यात असलं काही असेल का? तिथं कुणाची मूठ कुणाच्या पाटीत पडते, दिसत तर नाही.

१८ जून
टेबलावर दिवसभर विमा. एकजण म्हणाली, अंगठे घेऊन ठेवणार आणि दिवाळीच्या बोनसला हेच पुढं करणार. दुसरी म्हणाली, बेशुद्ध करून आतलं काहीतरी काढून घेत्यात, तिच्या मामेभावानं मोबाईलवर बघितलंय. हौसा माझ्याच वयाची, पण जिभेला हाड नाही. म्हणाली, "माझ्यातलं काय काढणार गं? गुडघं हायती, न्हेऊ द्या दोन्ही."

हसलो. पण हसून झाल्यावर परत सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. का, तर मला वाचता येतं. शाळेचं तोंड बघितलं नाही मी. बेदाण्याचे नमुने बांधून यायचे त्या पुड्यांच्या कागदांवर अक्षरं लावत शिकले. अर्धी बातमी वाचायची आणि पुढचा कागद फाटलेला. म्हणून कदाचित सवय लागली, पुढं काय झालं असेल त्याचा संशय घ्यायची.

पोरगा परत येऊन सांगून गेला, गट आहे, सगळ्या आल्या तरच विमा. दोघीचौघी गळाल्या तर कुणालाच नाही. शालननं हे ऐकलं आणि पदर नीट केला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

२१ जून, सातारा
सकाळच्या एसटीनं संभाकडं आले. नातवाचा वाढदिवस होऊन गेला, पण निमित्त विम्याचंच. त्याच्या कारखान्यात सगळ्यांना विमा आहे. मागं रूपाली, सूनबाई, टायफॉईडनं चार दिवस दवाखान्यात होती. संभा म्हणतो, "आई, घे डोळे झाकून. खिशातलं काय गेलं न्हाई आमचं."

रूपाली आतून म्हणाली, गेलं की. हातमोजे, कापूस, माझ्याजवळ बसणाऱ्याचं जेवण, ते त्यांनी दिलं नाही. संभा म्हणाला, ते किरकोळ. मी म्हटलं, म्हणजे आजार त्यांचा, कापूस आपला.

त्याचं कार्ड बघायला मागितलं. चार नावं होती. माझं नव्हतं. आईबापांचे पैसे वेगळे आणि जास्त पडतात, हे त्यानं आपणहूनच सांगितलं, नजर टीव्हीकडं ठेवून. पोरगा वाईट नाही. महिन्याची ओढाताण मला दिसते. तरी रात्री कूस बदलताना ती चार नावं डोळ्यांपुढं येत राहिली.

२४ जून
तासगाव. विम्याच्या पोराकडून त्यांचं पुस्तक मागून घेतलं. बेदाण्याची पेटी घेताना वरचा थर बघू नये, तो सगळ्यांचा चांगलाच असतो. म्हणून मागच्या पानापासून वाचायला बसले. बोट ठेवून ठेवून. निम्मं कळलं नाही, कळलं त्यात एक नवल होतं. जुनं दुखणं असलं तरी पहिल्या दिवसापासून चालेल.

पोराला विचारलं, हे खरं? म्हणाला, "हो आक्का, गटाचा विमा आहे ना, म्हणून. एकटीनं घेतला असता तर थांबायला लागलं असतं."

खरं असेल. पण पहिल्याच दिवशी भरल्या कासेनं दूध देणारी म्हैस कुणी बाजारात आणली, तर आपण आधी तिचे दात बघतो. माझं वय चौसष्ट. पासष्टपर्यंत घेतात म्हणे. म्हणजे मला एका वर्षाचा पाहुणचार.

२५ जून
सरळ मालकांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, मालक, राग मानू नका, पण ह्यात तुमचं काय?

आधी हसले. मग खरं सांगितलं. मुंबईची एक कंपनी आपला बेदाणा परदेशात पाठवणार. तिकडच्या लोकांची अट आहे, कामगारांना विमा पाहिजे, बसायला खोली पाहिजे, प्यायला स्वच्छ पाणी पाहिजे. ते नसेल तर माल उचलणार नाहीत. "कंपनीची माणसं तपासायला येतील, कवाबी. बायकांना सांगून ठेवा आक्का. विचारलं तर सगळ्या रोज येतात, कुणाची काय तक्रार न्हाई म्हणायचं."

बाहेर आले तेव्हा छाती हलकी वाटली. आवळा देऊन कोहळा काढायचाय त्यांना, एवढंच होय. फुकट देणाऱ्याची मला भीती वाटते. ज्याचा स्वार्थ दिसतो त्याच्याशी व्यवहार करता येतो.

२७ जून
सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. हौसा शेवटची. शाईचं बोट माझ्याच पदराला पुसून म्हणाली, "तुझ्या शब्दावर करते. बुडालं तर तुझ्या दारात येऊन बसीन, आणि जेवायलाबी तुझ्यातच."

शालननं सही केली. वाकडी, पण स्वतःची. नाव लिहायला मीच शिकवलं होतं तिला, दुपारच्या सुट्टीत.

११ जुलै
बेंदूर झाला. कार्डं आली. शालननं कार्डाला हळद-कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलंय. नवऱ्यानं विचारलं म्हणे, ह्यातनं पैसे कुठल्या मशीनला निघत्यात? हसून सांगत होती. हसताना धाप लागत होती.

म्हटलं बाई, आता कशाची वाट बघतीस? म्हणाली, पंचमीला लेक माहेरी येणार, तेवढी होऊ द्या. आमच्या बायकांचं हे असंच. मरायलासुद्धा सणवार बघतील.

३० जुलै
पंचमी झाली. आज टेबलावरच चक्कर येऊन पडली. कपाळ पाटीच्या कडेला लागलं. पाणी मारलं, गूळ दिला. हौसा तिच्या पायाचे तळवे चोळत होती आणि शिव्या घालत होती, "आणि कर पंचमी. झोके घे, उंच उंच घे."

मालकांना सांगून विम्याच्या पोराला फोन लावला. मिरजेला विम्यात बसणारा दवाखाना आहे म्हणाला.

४ ऑगस्ट, सोमवार
शालन मिरजेला दाखल. उद्या ऑपरेशन. विमा कंपनीनं आधी मंजुरीचा कागद पाठवला, पैसे भरायला लागले नाहीत. हे एवढं सरळ कसं झालं? दिवसभर पायात काटा मोडल्यासारखं. मूठ घातली. आज प्रत्येकीनं जरा मोठीच घातली.

६ ऑगस्ट, बुधवार
काल ऑपरेशन झालं, आज दुपारून बघून आले. मिरज स्टेशनपासून रिक्षा. खाट खिडकीजवळ. स्वच्छ चादर, बटण दाबलं की नर्स येते. शालननं मला दोनदा बटण दाबून दाखवलं. नर्स चिडली. शा. म्हणाली, "आक्का, बाळंतपणातबी एवढी झोपले न्हवते ओ."

तिच्या गालाला हात लावला. वाटलं, मी उगाच कुरकुर करत होते.

७ ऑगस्ट
मुंबईच्या कंपनीचा तपासनीस येऊन गेला. कपाळाला गंध, खांद्याला पिशवी, बोलायला गोड. मालक सांगलीला सौद्याला गेलेले. टेबलापाशी येऊन एकेकीचं नाव विचारलं. मग सहज, शालन कुठल्या? हौसा म्हणाली, आत्ताच पाण्याला गेली बघा. रोज येतात का? हौसा म्हणाली, न चुकता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, लय गुणी बाई. वर्षात एक खाडा नाही. वर तिची पाटीसुद्धा दाखवली, निम्मी भरलेली.

मान हलवली, फोटो काढला, चहा नको म्हणाला आणि गेला. बरं झालं, निभावलं.

९ ऑगस्ट, शनिवार
शा.च्या नवऱ्याचा फोन. घरी सोडायची वेळ आली आणि विमा कंपनीनं पैसे थांबवलेत. चौकशी चालू आहे म्हणतात. दवाखान्यातले म्हणतात, पैसे भरा मग न्या.

बघा. म्हटलंच होतं. आधी हो, मग नाही. आजार त्यांचा, कापूस आपला, आता तर आजारपण आपलंच. विमा काढला आणि महिन्यात ऑपरेशन, म्हणून संशय आला असेल. पण पहिल्या दिवसापासून चालतं हे तुम्हीच लिहिलंय ना? नाहीतर नवऱ्यानंच कुठंतरी तोंड उघडलं असेल. त्याचा मला पहिल्यापासून भरवसा नाही.

१० ऑगस्ट
मालकांनी जामीन म्हणून दवाखान्यात चेक ठेवला. शा. घरी आली. मालक स्पष्ट म्हणाले, कंपनीनं दिलं तर चेक परत, नाही दिलं तर शालनच्या मजुरीतून फिटेल तसं कापणार. तिची मजुरी आणि तो आकडा. नातवंडं कामाला येतील तोवर कापत राहतील. शा.ला हे सांगितलेलं नाही. तिला वाटतंय कार्डानं सगळं केलं. कार्ड परत देव्हाऱ्यात ठेवलंय.

११ ऑगस्ट, सोमवार
चकचकीत बुटांचा पोरगा आला. त्याचं तोंड उतरलेलं. म्हणाला, "आक्का, चौकशीत आलंय की दवाखान्यात होत्या म्हणतात त्याच दिवशी त्या कामावर हजर होत्या. दुसरीच कुणीतरी बाई त्यांच्या नावावर झोपली असणार, असं लिहिलंय."

मी म्हटलं, कोण मेल्यानं सांगितलं?

म्हणाला, इथल्याच बायकांनी. आमचा माणूस गुरुवारी येऊन गेला ना.

कपाळाला गंध. खांद्याला पिशवी. मुंबईचा नव्हताच तो.

हातातली मूठ तशीच राहिली. दोन महिने मी मालकावर संशय घेतला, पोरावर घेतला, त्या नवऱ्यावर घेतला, म्हशीचे दात बघितले. आणि ज्याच्यावर घ्यायला पाहिजे होता त्याला हसून सांगितलं, वर्षात एक खाडा नाही.

१३ ऑगस्ट
सगळ्यांना घेऊन बसले, मागच्या बाजूला, पोत्यांवर. म्हटलं, खरं सांगायला लागणार. ती दवाखान्यात होती, आम्ही खोटं बोललो, पाटी आम्ही भरली.

हौसा उसळली. "मग मूठबी सांगावी लागंल. मालकाला कळलं की बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची, आक्का. ह्या मुठीवर किती जणी बाळंत झाल्या, माझा म्हातारा वारला तवा मी तेरा दिस घरात बसले ती ह्याच्यावर. एकट्या शालनसाठी ती घालवायची?"

म्हटलं, मूठ होती कुणासाठी मग?

सगळ्या पोत्याचे दोरे ओढत बसल्या. मग हौसाच म्हणाली, "तू लय शानी. तूच घाल जा मालकाच्या कानावर. माझी जीभ उचलायची न्हाई."

ती चुकीची नव्हती. हेच जड जातंय.

१६ ऑगस्ट
सांगितलं मालकांना.

मला वाटलं ओरडतील. नाही ओरडले. पेन उघडलं, मिटलं. म्हणाले, "म्हणजे माझ्याकडची हजेरी खोटी. आक्का, त्या मुंबईच्या कंपनीला हे कळलं तर माझा माल उचलतील का?" पुढं म्हणाले, माझ्या वडलांच्या वेळचं वेगळं होतं. मग विमा कंपनीला पत्र लिहिलं, बाई दाखल होती, बायकांचा गैरसमज झाला, असं. माझी सही घेतली. मुठीचं त्यात लिहिलं नाही. म्हटलं, लिहायला पाहिजे, नाहीतर पाटी कशी भरली विचारतील. म्हणाले, विचारू देत, मग बघू.

काडी झाकून वरचा थर लावायची सवय.

२५ ऑगस्ट
अंगठ्याचं मशीन बसलं. आल्यावर अंगठा, जाताना अंगठा. ज्याचा अंगठा नाही त्याच्या नावावर बापूनं वजन लिहायचं नाही. हौसा अंगठा लावून माझ्याकडं न बघता आत गेली. मालकांना सांगितल्यापासून बोललेली नाही. आमचे अंगठे बेदाण्यानं इतके गुळगुळीत झालेत की मशीन चारदा नाही म्हणतं, मग हो म्हणतं.

४ सप्टेंबर
गौरी गेल्या. गंधवाला परत आला. ह्यावेळी मालक हजर. मी सगळं सांगितलं, मुठीसकट. मालकांनी खाली बघितलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजी, तवा तुमी खोटं बोललाय म्हणताय. आता खरं बोलताय हे मी कशावरनं धरू?"

साठ वर्षांत इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्याच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. पेटी त्यानं खालून उघडली होती.

त्याला शा.च्या घरी नेलं. ती दाराशी बसलेली, गवारी मोडत. टाके दाखवते म्हणाली आणि पदराला हात घातला. तो दोन पावलं मागं सरला, हात जोडले, "नको ताई." जाताना मला म्हणाला, टाक्यांवर तारीख नसते. दवाखान्यात परत जाऊन विचारतो, नर्सेसना फोटो दाखवतो, पण वरचे काय ठरवतील सांगता येत नाही. त्याची आईसुद्धा जतला डाळिंबाच्या बागेत कामाला जाते म्हणाला. हे कशाला सांगितलं ते कळलं नाही. मायेनं असेल, नाहीतर माझ्याकडून अजून काही काढायला असेल. हल्ली काही कळतच नाही.

शा.ला आता सगळं कळलं. गवारीच्या शिरा काढत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे कामावरबी मीच हुते आन् दवाखान्यातबी मीच. आक्का, दोनीकडची मजुरी मागू का?"

मला रडू आलं. तिलाच मला पाणी द्यावं लागलं.

५ सप्टेंबर
नर्सला दोनदा बटण दाबून चिडवलं होतं. तिला आठवत असेल का?

२२ सप्टेंबर
उत्तर नाही. फोन केला की विचार चालू आहे म्हणतात. चेक तिथंच.

संभाचा फोन. आई, पुढच्या वर्षी तुझं नाव घालू का? रूपालीनंच काढला विषय, म्हणाला. मी विचारलं, कापूस कोण देणार? दोघं हसलो. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण त्यानं विचारलं. झोप चांगली लागली.

६ ऑक्टोबर
शा. कामावर आली. जड उचलायचं नाही असं सांगितलंय. अंगठा लावला, मशीननं पहिल्याच वेळी हो म्हटलं. दोन महिन्यांत अंगठ्याला परत रेघा आल्या होत्या. तोंडावर रंग आलाय. हे मात्र कुणी खोटं म्हणू शकत नाही.

९ ऑक्टोबर
मालकांनी सांगितलं, ज्यांना विमा नको त्यांनी शनिवारपर्यंत बोला, दिवाळीनंतर कापायचं बंद करू. पण गट मोडला तर सगळ्यांचाच जाणार.

परत सगळ्या माझ्याकडं. काय सांगू? शालनची पिशवी निघाली, ती जगली, हे विम्याच्या मंजुरीच्या कागदामुळंच. तो कागद नसता तर अजून तारीख बघत बसली असती. आणि त्याच विम्यापायी चेक अडकलाय, मूठ गेली. घ्या म्हणू तर कुणाच्या भरवशावर? सोडा म्हणू तर उद्या दुसरी कुणी पांढरी फटक पडली की तिला मी काय देणार, गूळ?

१० ऑक्टोबर, शुक्रवार
हौसा आली नाही. अंगात ताप, नातवानं निरोप आणला.

तिची पाटी रिकामी. मशीनमध्ये तिचा अंगठा नाही, म्हणजे नावही नाही. सकाळपासून कुणी त्या पाटीकडं बघत नव्हतं. चहाच्या आधी शा.नं हात लांब करून ती पाटी टेबलावर ओढली. जड उचलू नको म्हटलेलं असूनही. आपल्या मालातली मूठ तिच्यात टाकली. मग दुसरी. मी टाकली. मग सगळ्यांनी.

संध्याकाळी काट्यावर सगळ्यांची वजनं झाली. शेवटची हौसाची पाटी. बापूनं ठेवली, काटा थांबला. पेन घेऊन उभा.

"आक्का, हे कुणाच्या नावावर धरू?"

मालक ऑफिसच्या दारात उभे होते. ऐकत होते की नाही, ठाऊक नाही.

म्हटलं, बापू, तशीच झाकून ठेव. उद्या मालकांना विम्याचं सांगायचंच आहे, त्याच वेळी हेही विचारते.

रात्री हौसाकडं जाऊन आले. भाताची पेज नेली. तिनं डोळे उघडले. तोंड तसंच कडू, पण म्हणाली, "कुणी विचारलं का गं मला?"

म्हटलं, विचारलं.

"मग काय सांगितलंस?"

पेजेचा वाडगा तिच्या हातात दिला. म्हटलं, आधी पी.